दिव्याची वात आणि उंदीर

आधी वास येतो. लिदीचा, घामट घोंगडीचा, तोबऱ्यात भिजलेल्या दाण्याचा. डोळे उघडता तेव्हा डोक्यावर गवताचं छप्पर असतं आणि शेजारी कुणीतरी घोरत असतं. तुम्हाला वाटलं होतं, इतिहासात शिरलो की रणधुमाळीतच पडू. तुमच्या हातात मात्र खरारा आहे, आणि समोरचं घोडं त्याची वाट बघतंय.

हे चिपळूण. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या आगेमागेचा काळ. वैशाखाचं ऊन उतरायचं नाव घेत नाही, वाशिष्ठीवरून येणारा वारा दमट आहे, आणि कटक, म्हणजे लष्कर, घाटावर न्यायचे दिवस आता सरलेत. पावसाळा इथेच काढायचा.

तुम्ही बारगीर आहात. म्हणजे घोडा सरकारचा, तुम्ही फक्त त्याच्यावर बसायचं. पलीकडच्या खणात राहणारा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन आलाय, त्यामुळे तो जरा मान वर करूनच चालतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. पुढे सभासद नावाच्या बखरकाराने हे सगळं मांडून ठेवलं, पण तुम्हाला त्यातला हवालदार तेवढा रोज दिसतो.

खरारा झाला की तोबरा. तुम्ही पोत्यात ओंजळ घालता, आणखी एक घालता, तिसरी घालणार तोच मागून आवाज येतो.

"हात आखड रे. पाऊस अजून पडायचाय."

हवालदार उगाच बोलत नाही. दाभोळ सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची बेगमी करून ठेवली होती. पण लष्कराचा मुक्काम चिपळुणात लांबला आणि त्यातलं बरंच उन्हाळ्यातच फस्त झालं. मग कारकुनांकडून, गडागडावरून असेल तो गल्ला काढून कशीबशी पुन्हा जुळवाजुळव झालीय. आता जे आहे ते एवढंच. कोकणातल्या पावसात एकदा वाटा बुडाल्या की दाणा नाही, वैरण नाही.

दुपारी सगळ्यांना बोलावणं येतं. महाराजांचं पत्र आलंय. जुमलेदार, हवालदार, कारकून पुढे. तुम्ही मागे, उन्हात. वाचणाऱ्याचा आवाज कोरडा आहे. तुम्ही कान टवकारता, कारण पत्र म्हटलं की मोहीम, किल्ला, शत्रू. पण पत्रात आहे गवत.

आज मनास येईल तसं चाराल तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजीपाला. जे कुणबी जीव धरून घरात राहिलेत तेही उठून जातील. त्यांना वाटेल, मोगल आले होते ते बरे. वाटणीचे पैसे पदरात पडले आहेत, तेव्हा हवं ते बाजारातून विकत घ्या. रयतेला काडीचाही त्रास नको.

शेजारचा बारगीर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरतो. कालच त्याने कुणाच्या तरी परड्यातून भाजी उपटून आणली होती, आणि रात्री ती तुम्हीही खाल्लीत. तुमच्या लक्षात येतं: पत्रातली ही यादी कुणी बसल्या जागी कल्पनेने केलेली नाही. दाणे, भाकरी, गवत, सरपण, भाजी. हे सगळं कुठे ना कुठे घडलेलं आहे. ताकीद त्याचीच होते, जे माणसं करतात.

पत्र अजून संपलेलं नाही. आता ते थेट तुमच्या खणात शिरतं. कुणी भलत्याच जागी चूल मांडेल. कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. जवळ गवत पडलंय, वारा सुटलाय, याचं भान राहणार नाही. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी नवा खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. आणि रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल.

मागे कुणीतरी खुसकन हसतं. अफजलखान झाला, शायिस्ताखान झाला, आता उंदीर! हवालदार वळून बघतो. हसू विरतं.

संध्याकाळी तुम्ही कमरेची कसनी सोडून बाजारात जाता. ओझं घेऊन आलेल्या कुणब्याकडून गवताचा भारा घेता. तो पैसे हातात घेऊन क्षणभर तसाच उभा राहतो. मग ते धोतराच्या सोग्यात बांधतो आणि गाठ दोनदा ओढून बघतो. घाटावर तुमचा बापही अशीच गाठ मारतो. शिपाई दारात आला की त्याचीही मान अशीच खाली जाते.

रात्री झोपण्याआधी तुम्ही बोटांनी वात चिमटता. कुट्ट काळोख. आढ्यावर काहीतरी खुडबुडतं, तुरतुरत जातं. तुम्ही जागेच राहता, उगाच.

मग पाऊस कोसळतो. दिवस सारखेच: लीद, खरारा, तोबरा, नाल, ताप, चिखल्या. गवताची गंजी हातभर उतरते तसा हवालदाराचा चेहरा हातभर लांबतो. पण गंजी टिकते. घोडी टिकतात.

दसरा उजाडतो. निघण्याआधी कारकून प्रत्येकाच्या सामानाची यादी करतो. परतल्यावर ती पुन्हा ताडून बघतील आणि जास्तीचा माल सरकारात जमा होईल. कटकात बायको नाही, बटीक नाही, कलावंतीण नाही. ठेवली तर मान जाईल. परमुलखात बायकापोरांना धरायचं नाही, गाय धरायची नाही, बैल फक्त ओझ्यापुरता. ब्राह्मणाला उपद्रव नाही. आठ महिने खंडण्या घ्यायच्या, लष्कराने तिकडेच पोट भरायचं आणि वैशाखात परत यायचं.

तिकडेच पोट भरायचं. घाट चढताना हे शब्द तुमच्या डोक्यात टापांबरोबर वाजत राहतात.

किती मजला झाल्या ते तुम्ही मोजायचं सोडून दिलंय. एका तिन्हीसांजेला अनोळखी गावाबाहेर तळ पडतो. समोर कुणाच्या तरी शेतात गवताची गंजी आहे, नुकतीच रचलेली. शेताचा धनी बांधावर उभा आहे, मान खाली. धोतराच्या सोग्याला गाठ नाही, कारण बांधायला काही नाही. तुमचं घोडं मान लांब करून गंजीत तोंड घालतं. हवालदार बघतो आणि पुढे जातो.

अंधार पडतो. कुणी गंजीशेजारीच चूल पेटवतं, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेतं. वारा सुटलेला आहे. दिवे रात्रभर जळत राहतात, आणि उंदराची आठवण कुणालाच होत नाही.