पहिली पसंती

मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे कुठे घालायचे, हा प्रश्न १९४० पर्यंत सोलापुरात मोजक्याच घरांना पडत असे. गावात कॉलेजच नव्हते. बी.ए. व्हायचे तर पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन, नाहीतर थेट मुंबई. उद्योगपती वालचंद हिराचंद इथून मॅट्रिक होऊन मुंबईच्या सेंट झेवियर्सला गेले. १९१० साली इथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. गाडीभाडे, खोली आणि खानावळ ज्यांना झेपे त्यांचीच मुले जात. एकदा ट्रंक गाडीत चढली की निर्णय फिरवता येत नसे. धाकट्यांच्या शिक्षणाचे पैसेही बरेचदा तिच्याबरोबर जात.

हे चित्र पालटले ते एका सत्याग्रहामुळे. निजामाच्या राज्यात धर्मस्वातंत्र्य मिळावे म्हणून आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये लढा दिला. संस्थानाची हद्द सोलापूरला लागून, रेल्वे दाराशी. म्हणून लढ्याचे मुख्य ठाणे इथे होते. लढा संपला आणि १९४० मध्ये आर्य समाजाच्याच डी.ए.व्ही. संस्थेने सोलापुरात दयानंद कॉलेज काढले. लाहोरात वाढलेल्या संस्थेने आमच्या गिरणीच्या गावाला पहिले कॉलेज दिले. १९५३ मध्ये अप्पासाहेब काडादींनी संगमेश्वर कॉलेज उभे केले. पुढे वालचंद कॉलेज आले. तेव्हा कुठे 'यातले कोणते?' हे शब्द इथल्या घरांत ऐकू येऊ लागले.

विद्यापीठे मात्र बदलत राहिली. दयानंद आधी मुंबई विद्यापीठाचे, १९४९ पासून पुण्याचे, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले.

मी मॅट्रिक झाले १९६८ साली. आम्ही साखर पेठेतले. वडील हातमागावर, आई मागाशेजारी बसून कांड्या भरायची. मला इतिहास घ्यायचा होता. वडिलांनी ना निकाल विचारला ना फी. "दिवेलागणीच्या आत घरी येशील का गं?" एवढेच विचारले. दयानंदला चालत जाता येत होते, म्हणून मी दयानंदची झाले. संगमेश्वर सात रस्त्याला, मला लांब. आईने रहाट न थांबवता सांगितले, "जाऊ द्या तिला." पुण्याचे नाव कुणी काढलेच नाही. गावात कॉलेज नसते तर मी कांड्याच भरत राहिले असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

आज माझ्या पुतणीची मुलगी अकरावीचा अर्ज भरते आहे. २०२५ पासून हा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात; पण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट, विल्यम्ससारख्या लहान कला-विज्ञान महाविद्यालयांतही अशी वाट आहे: नोव्हेंबरात एकाच कॉलेजाला शब्द द्यायचा आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे.

शब्द असा बांधून टाकणारा असेल तर तो पाहून द्यावा. पण मी पाहते, घरोघर पहिला रकाना मागच्या वर्षीच्या कट-ऑफवरून भरला जातो, आणि कला शाखा तर गुण कमी पडले तरच आठवते. ज्या शाखेने विणकरांच्या मुलींना पहिल्यांदा वर्गात बसवले, तिची ही किंमत मला मान्य नाही. अर्ज भरण्याआधी त्या कॉलेजात जा. तिथे कोण शिकवते, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, शिकणाऱ्या मुली काय सांगतात, हे विचारा. आमच्या पिढीत मुलीचे कॉलेज दिवेलागण ठरवत असे. आता ते मुलीने ठरवावे.