डाव, नियम आणि गणित : पैनगंगेच्या काठावरून



ह्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या गुरुजनांच्या स्मृतीने आपण येथे जमतो, त्यांच्यापुढे व्यवहाराशी नाते असलेला विषय मांडावा असे मनात होते. म्हणून ‘गेम थिअरी’ अर्थात खेळसिद्धांत आणि त्याला गणनशास्त्राने दिलेली जोड हा विषय मी निवडला. नाव परके वाटले तरी आदिलाबाद जिल्ह्याला हा विषय मुळीच परका नाही, हेच मला आज दाखवावयाचे आहे.

महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा येते. द्यूतात सर्वस्व हरलेला नल सारथ्याच्या वेषात ऋतुपर्ण राजाचा रथ अयोध्येहून विदर्भाकडे हाकीत असतो. वाटेत बेहड्याचे एक झाड लागते आणि ऋतुपर्ण त्याच्या पानांची व फळांची संख्या पाहताक्षणी सांगतो. नल रथ थांबवून, झाड तोडून मोजणी करतो, संख्या जुळते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या देतो. प्राचीन काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रसंगाचे मर्म कळते. मोजण्याची विद्या आणि डाव जिंकण्याची विद्या ह्या मूळच्या बहिणी आहेत, हे कथाकाराला ठाऊक होते. ज्या युधिष्ठिराला ही कथा सांगितली जाते, तो तर द्यूतात राज्यच हरून बसलेला असतो.

नल ज्या विदर्भाकडे निघाला होता, तो आपल्या पैनगंगेपलीकडे सुरू होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे चार जिल्हे झाले. नदीच्या दोन्ही काठांवर काळी जमीन तीच, कापूस तोच, बोलणारी मराठी माणसेही तीच. कायदे मात्र दोन. खेळसिद्धांताच्या अभ्यासकाला ह्याहून उत्तम प्रयोगशाळा कोठे मिळणार?

महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याने कापूस सरकारने नेमलेल्या यंत्रणेलाच विकावा, खाजगी व्यापाऱ्याला विकू नये, आणि त्याबदल्यात त्याला भावाची हमी मिळावी, असा तिचा आशय होता. हेतू निःसंशय चांगला होता. व्यापाऱ्यांच्या कचाट्यातून शेतकऱ्याची सुटका व्हावी, ही अनेकांची कळकळ तिच्यामागे होती. परंतु नदीच्या अलीकडे, आदिलाबादच्या बाजारात, खुली बोली चालू होती. बाहेर भाव चढला की पलीकडचा कापूस रातोरात अलीकडे येई. बाहेर भाव पडला की प्रवाह उलटा फिरे आणि परप्रांतीचा कापूस हमीभावासाठी योजनेच्या केंद्रांवर जाई. परिणामी तेजीत योजनेला माल कमी आणि मंदीत खरेदीचे ओझे अधिक, असे दुहेरी नुकसान होई. तोटा साचत गेला आणि अखेर २००२ च्या सुमारास एकाधिकार संपुष्टात आला.

ह्या घटनेकडे ‘चोरटी वाहतूक’ एवढ्याच शब्दाने पाहणे मला अपुरे वाटते. शेतकरी काय हिशेब करीत होता, ते पाहू. केवळ उदाहरणादाखल असे धरा की, हमीभाव क्विंटलला १००० रुपये, नदीअलीकडे भाव ११५० आणि वाहतुकीचा खर्च ६० रुपये आहे. माल पकडला गेला तर सारेच बुडाले. दहांतली एक गाडी पकडली जात असेल तर अलीकडे येऊन सरासरी ९७५ रुपये हाती पडतात. तेव्हा घरीच बसावे. विसांतली एकच पकडली जात असेल तर १०३२ रुपये ५० पैसे पडतात. तेव्हा गाडी जुंपावी. आता गंमत अशी की, पकडले जाण्याची शक्यता इतर किती जण निघाले आहेत ह्यावर अवलंबून असते. थोडे निघाले तर नाक्यावरचे पथक बहुतेकांना गाठते. सारा गाव निघाला तर कोणाकोणाला अडवणार? म्हणजे माझा शहाणपणा शेजाऱ्याच्या निर्णयावर ठरतो आणि त्याचा माझ्या. ‘सारे घरी’ हाही समतोल आणि ‘सारे वाटेवर’ हाही समतोल. परस्परांत गुंतलेल्या अशा निर्णयांचे शास्त्र म्हणजेच खेळसिद्धांत.

पथकाच्या बाजूने पाहिले तर कोडे आणखी वाढते. नदीला उतार दोन आणि पथक एकच. ते रोज एकाच उतारावर बसले तर गाड्या दुसऱ्या उताराने जातील. म्हणून पथकाने कोठे बसायचे ते कोणाला आधी ताडता येऊ नये. तरीही कोणत्या उतारावर किती वेळा बसायचे, ह्याचे प्रमाण मोजून काढलेले असावे. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असलेल्या दोघांच्या डावात असे सर्वोत्तम प्रमाण नेहमी असते, हे जॉन फॉन नॉयमन ह्याने १९२८ साली सिद्ध केले. १९४४ साली त्याने ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथाने ह्या शास्त्राला रूप दिले.

पण प्रमाण आहे हे कळणे वेगळे आणि ते काढता येणे वेगळे. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग ह्याने ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ ह्या प्रकारची गणिते सोडविण्याची सिम्प्लेक्स रीत शोधली. त्याच वर्षी त्याची भेट झाली तेव्हा, आपल्या डावांचे गणित आणि हे गणित आतून एकच आहे, हे फॉन नॉयमनच्या लगेच ध्यानात आले. सिम्प्लेक्स रीत व्यवहारात फार उपयोगी पडली. तथापि, काही मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत तिच्या पायऱ्या दुपटीदुपटीने वाढत जातात, हे १९७२ साली क्ली व मिन्टी ह्यांनी दाखविले. १९७९ साली रशियन गणिती खाचियान ह्याने वेळेची हमी देणारी रीत दिली. ती प्रत्यक्षात संथ ठरली.

हमी आणि वेग ह्या दोहोंचा मेळ घालणारी रीत १९८४ साली एका मराठी तरुणाने दिली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. नरेंद्र करमरकर हे मुंबईच्या आय. आय. टी. चे पदवीधर, बर्कलेला डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते. त्यांची कल्पना कास्तकाराला चटकन समजेल. सिम्प्लेक्स रीत शेताच्या बांधाबांधाने एका कोपऱ्याहून दुसऱ्या कोपऱ्याला जाते. करमरकरांची रीत शेताच्या मधून उत्तराकडे निघते. शेत प्रचंड असेल तर बांधाचा फेरा वाचतो. अशा रीतीलाच ‘अल्गोरिदम’ म्हणतात : पायरीपायरीने, ठरावीक वेळात उत्तराला पोचविणारी वाट.

दोन उतारांचे आपले कोडेही पुढे जगात प्रत्यक्ष वापरले गेले. मिलिंद तांबे ह्या संशोधकाच्या चमूने तयार केलेली प्रणाली २००७ पासून लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पोलीस तपासणी कोठे व केव्हा करावी हे ठरवू लागली. पाळत ठेवणारा माणूस आपली सवय हेरणार, हे गृहीत धरूनच तिचे गणित मांडलेले होते. पुढे हेच विचार आफ्रिका व आग्नेय आशियातील अभयारण्यांत शिकाऱ्यांविरुद्धच्या गस्तीसाठी वापरले गेले. कव्वालच्या अरण्याशेजारी राहणाऱ्या आपणांस त्याचे महत्त्व सांगावयास नको.

दोनांहून अधिक खेळाडू आणि गुंतलेले हितसंबंध असले की काय होते? अशा मर्यादित डावांतही समतोल असतोच, हे जॉन नॅश ह्याने १९५० साली सिद्ध केले. परंतु २००६ साली दास्कालाकिस, गोल्डबर्ग व पापादिमित्रिऊ ह्यांनी, आणि केवळ दोन खेळाडूंच्या बाबतीत चेन व डेंग ह्यांनी, असा समतोल शोधणे हे एका अतिशय अवघड समजल्या जाणाऱ्या गणितवर्गातील सर्वांत कठीण गणितांइतकेच कठीण आहे, असे दाखविले. झटपट रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. जे संगणकाला वेळेत सापडत नाही ते बाजारातल्या माणसांना आपोआप सापडेल, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

म्हणून विचारवंतांनी प्रश्न उलटा केला : लोक हिशेब करणारच, तर खरे बोलण्यातच त्यांचे हित राहील असे नियम कसे रचावेत? १९६१ साली विल्यम व्हिक्रे ह्याने बंद पाकिटांच्या लिलावाचा एक नियम मांडला : माल सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मिळावा, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीची घ्यावी. मग मालाची खरी किंमत दडविण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. १९९९ साली निसान व रोनेन ह्यांनी त्यात दुसरी अट घातली : नियम प्रामाणिकपणाला पोषक हवाच, शिवाय तो वेळेत गणून अमलात आणता आला पाहिजे. माझ्या मते कोणत्याही कायद्याची परीक्षा ह्या दोन अटींनी व्हावी. एकाधिकार योजना पहिल्या अटीवरच अडखळली. नदीअलीकडच्या भावाकडे पाहणारा शेतकरी तिने गृहीतच धरला नव्हता.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात आणि त्यापलीकडे खरेदी नाही, हा नियम तुम्हां सर्वांस माहीत आहे. कापूस आज विकावा की वाळवून आठ दिवसांनी, आणि तोवर सावकार थांबेल का, हा शेतकऱ्याचा डाव; तो माल आज परत फिरला तर उद्या कोणत्या भावाने मिळेल, हा व्यापाऱ्याचा डाव. २०१६ साली ८ राज्यांतील २१ बाजारांपासून ‘ई-नाम’ हा संगणकीय बाजार सुरू झाला. तेव्हापासून बोलीचे नियम संगणकाच्या आज्ञावलीतही लिहिले जाऊ लागले. तराजूचा काटा निदान डोळ्यांना दिसतो. आज्ञावलीतला नियम दिसत नाही.

म्हणून येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, गणिताला परीक्षेपुरते ठेवू नका. ऋतुपर्णाने संख्या सांगितली तरी नलाने ती स्वतः मोजून पाहिली, हे विसरू नका. तुमच्या आईवडिलांच्या कापसाचा भाव ज्या नियमाने ठरतो, तो कोणी रचला, त्यात कोणाचा हिशेब धरला आणि कोणाचा सोडला, हे विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे. आणि तो बजावण्याचे सामर्थ्य अशाच शाळेत मिळते.