फाइलनाव, एसव्हीजी चित्राचे (ब्राउझरमधून जतन करताना)

ब्राउझरमध्येच तयार झालेला नकाशा किंवा आलेख संगणकावर उतरवून घेताना त्याला आपोआप मिळणारे नाव, आणि ते आधीच ठरवून देण्याची रीत. एसव्हीजी हे रेषाचित्र मजकुराच्या रूपात साठवण्याचे स्वरूप असून डब्ल्यूथ्रीसीने ४ सप्टेंबर २००१ रोजी त्याला प्रमाण मानले. जागच्या जागी काढलेले चित्र सर्व्हरवर कुठेच नसते, म्हणून त्याला नाव नसते. ब्राउझर त्याला ‘ब्लॉब’ नावाचा तात्पुरता पत्ता देतो; नाव सांगितले नसेल, तर बहुधा त्या पत्त्यातली अंक, अक्षरे आणि जोडरेघा मिळून छत्तीस खुणांची ओळच फाइलीला चिकटते.

कौंडण्यपूरचा नकाशा घ्या. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेले, रुक्मिणीचे माहेर मानलेले हे गाव. नकाशात नदीचा घाट, देऊळ, पांढरीचे टेकाड सगळे नीट काढलेले असते. पण महिन्याभराने ‘डाउनलोड्स’मध्ये शोधायला जावे, तर तसल्याच निनावी फाइलींच्या ढिगात तो हाती लागत नाही. उपाय सोपा आहे: उतरवण्याच्या दुव्याला ‘डाउनलोड’ हा गुणधर्म लावून त्यात नाव लिहायचे, शेवटी ‘.एसव्हीजी’ हे शेपूट रोमन अक्षरांत. क्रोमने ही सोय २०११ मध्ये, फायरफॉक्सने २०१३ मध्ये, सफारीने २०१७ मध्ये दिली. दुवा परक्या संकेतस्थळाचा असेल तर हे नाव मानले जात नाही. चित्र सर्व्हरवरून येत असेल, तर ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या शीर्षओळीतले नाव वरचढ ठरते.

कोणते नाव द्यायचे, हा प्रश्न मराठीत अधिक बिकट. या एकाच गावाची कुंडिनपूर, कौंडिण्यपूर, कौंडण्यपूर अशी रूपे चालतात. मोरेश्वर दीक्षितांचा १९६८ चा उत्खनन-अहवाल कौंडिन्यपूर म्हणतो. प्रत्येक रूप संगणकाला वेगळे, म्हणून एक रूप धरून तेच सगळ्या नकाशांना लावावे. ‘वऱ्हाड’ तर डोळ्यांनाही फसवतो. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइली दोन होतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. फाइलनाव बांधणाऱ्या आज्ञावलीनेच जोडखुणेचे रूप नुक्त्याच्या ऱमध्ये बदलून घ्यावे, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

लांबीचेही भान हवे. लिनक्समधील ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेत नाव २५५ बाइटांपुरतेच असते. देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे ‘कौंडण्यपूर’ एवढ्यालाच तीस लागतात.

शेतीच्या नकाशाला ‘७/१२’ असे नाव देता येत नाही. तिरपी रेघ फोल्डर वेगळे करण्यासाठी राखीव असल्याने ब्राउझर तिच्या जागी बहुधा खालची रेघ टाकतो. त्यापेक्षा आपणच ‘सातबारा’ असे अक्षरी लिहावे. तारीख जोडायची तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, म्हणजे यादीत नकाशे काळानुसार लागतात.