‘झेनी’ : एका नावाचा प्रवास

तऱ्हेवाईक, काहीसा वेडगळ वाटणारा विनोद दिसला की इंग्रज त्याला ‘झेनी’ हे विशेषण लावतो. आज हे विशेषण कौतुकाचे आहे. पण त्याच्या पोटात एक हमाल दडलेला आहे.

हा हमाल इटलीतील बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातला. १४२८ साली हा मुलूख व्हेनिसच्या सत्तेखाली गेला. डोंगरात पोट भरेना, तेव्हा तिकडचे तरुण ओझी वाहण्यासाठी व्हेनिसला येत. त्यांची बोली शहरवासीयांना ओबडधोबड वाटे. त्यांच्यात जोव्हान्नी हे नाव फार. जोव्हान्नी म्हणजे बायबलमधील योहान, इंग्रजांचा जॉन. व्हेनिसकडच्या उच्चारात त्याचे ‘झान्नी’ झाले.

पुढे सोळाव्या शतकात इटलीत धंदेवाईक नटांच्या मंडळ्या निघाल्या. अशा एका मंडळीचा पादुआ येथील १५४५ सालचा करारनामा उपलब्ध आहे. या नटांची नाटके मुखवटे घालून चालत आणि संवाद बहुधा आयत्या वेळी रचले जात. त्यांत नोकराच्या पात्राचे नाव झान्नी. तो सदा भुकेला, बेर्गामोच्या बोलीत बडबडणारा आणि धन्याच्या आज्ञेचा भलताच अर्थ करणारा. त्याचे दोन प्रकार पडले, एक बेरकी आणि दुसरा बावळट. ठिगळांच्या अंगरख्याचा प्रसिद्ध आर्लेकिनो याच कुळातला.

इंग्लंडात हा शब्द शेक्सपियरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये आढळतो. तेथे त्याचा अर्थ मुख्य विदूषकाची वेडीवाकडी नक्कल करणारा दुय्यम विदूषक असा होता. विशेषण म्हणून तो मागाहून रुळला.

अ‍ॅडिसनने १७११ साली ‘स्पेक्टेटर’मध्ये लिहिले की निरनिराळ्या देशांचे लोक आपल्या विदूषकाला आवडत्या खाद्यपदार्थाचे नाव देतात, फ्रेंचांचा जां पोताज, इंग्रजांचा जॅक पुडिंग. त्याचे लक्ष खाण्याकडे गेले. माझे मात्र पहिल्या नावाकडे जाते. जां काय, जॅक काय, किंवा जर्मनांचा हान्सवुर्स्ट काय, सगळे मूळचे योहानच! गल्लोगल्ली आढळणारे नाव हसण्यास सोयीचे पडत असावे. आपल्या संस्कृत नाटकांतला विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतात बोलतो, हेही येथे आठवते.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात खेड्यातून आलेल्या एका मुलाने धडा वाचताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले. वर्ग हसला, आणि सांगण्यास संकोच वाटतो, मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस त्याने वाचनासाठी हात वर केला नाही. परवा इंग्रजीच्या तासाला हा शब्द निघाला, तेव्हा अर्थ सांगण्यापूर्वी मी बेर्गामोच्या हमालांची हकीकत सांगितली. मागच्या बाकावरून त्याच मुलाचा आवाज आला, “सर, ती बोली तिकडं अजून कुनी बोलतं का?”

“बोलतात,” मी म्हणालो. या वेळी कोणी हसले नाही.