कारागीर आणि पेठ

संगणकासाठीं सॉफ्टवेअर रचून तें स्वतःच विकणाऱ्या कारागिराचा धंदा फार जुना नाहीं. १९८२ सालीं अमेरिकेंत अँड्र्यू फ्लुगलमन यांनीं आपलें 'पीसी-टॉक' लोकांस मोकळेपणीं वांटूं दिलें. पसंत पडल्यास २५ डॉलर धाडावे, एवढीच विनंति केली. व्यवहार विश्वासाचा होता. पण पैसे धाडणाराचें नांवगांव कर्त्यास कळत असे.

१० जुलै २००८ रोजीं ॲपलनें आयफोनसाठीं ॲप स्टोअर उघडलें. जगभरचें गिऱ्हाईक एका दुकानीं आलें आणि वसुलीची यातायात संपली. दलाली मात्र ३० टक्के ठरली, व कोणता माल मांडावयाचा हा निर्णयहि दुकानदाराकडे गेला.

मॅकवर सरळ विक्रीचा मार्ग खुला होता. म्हणूनच 'बीबीएडिट' २०१४ मध्यें ॲपलच्या मॅक-दुकानांतून बाहेर पडूं शकलें, व नियम सैल झाल्यावर २०१९ मध्यें परतलें. आयफोनच्या कारागिरास असें दार नव्हतें. युरोपीय संघांत तें २०२४ मध्यें कायद्यानें उघडावें लागलें.

२०२१ पासून लहान विक्रेत्यांची दलाली १५ टक्क्यांवर आली. तरी मूळ प्रश्न टक्क्यांचा नव्हेच. पेठेबाहेर जाण्याची वाट ज्यास मोकळी आहे, तोच पेठेंत मानानें बसूं शकतो.