भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन : समाजकार्य व शिक्षण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांची जड छपरे हे या प्राणहानीचे प्रमुख कारण होय. त्यामुळे नवी घरे बांधण्याइतकेच जुनी का कोसळली, हे ग्रामस्थांना उमजणे अगत्याचे ठरले. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या व घरांच्या मजबुतीकरणाची माहिती त्यांनी घरोघर पोहोचविली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था पुण्यात केली. त्यांचे शिक्षण खंडित झाले नाही. मात्र त्यासाठी त्यांना गाव सोडावे लागले.