पाना कोणाकडे होता?

12 जून 1966, बेल्जियममधलं स्पा. तेव्हा इथली फॉर्म्युला वनची शर्यत नेहमीच्या वाहत्या रस्त्यांवर व्हायची. चौदा किलोमीटरची एक फेरी आणि कडेला झाडं, टेलिफोनचे खांब, शेतकऱ्यांची घरं. शर्यत सुरू झाली तेव्हा रस्ता कोरडा होता. पहिल्याच फेरीत पुढे पावसाची सर कोसळली आणि एकामागोमाग एक गाड्या घसरू लागल्या. आदल्याच दिवशी सत्तावीस वर्षं पूर्ण केलेल्या जॅकी स्टुअर्टची गाडी ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगात रस्ता सोडून गेली. खांबाला धडकली, मग एका शेडला, आणि शेवटी एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली.

स्टुअर्ट जिवंत होता, पण स्टिअरिंगखाली पाय अडकले होते आणि फुटलेल्या टाकीतलं पेट्रोल त्याच्या अंगावर सांडत होतं. एक ठिणगी पुरली असती. मदतीला कोण आलं? तिथेच घसरलेले दोन ड्रायव्हर, ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट. स्टिअरिंग काढायला पाना हवा होता. तो कोणाकडेच नव्हता. शेवटी एका प्रेक्षकाकडून पाना मिळाला. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. डॉक्टरचा पत्ता नाही. पुढे प्रथमोपचाराच्या खोलीत त्याला स्ट्रेचरवर जमिनीवर ठेवलं, तिथे सिगारेटची थोटकं पडलेली. हॉस्पिटलकडे निघालेली अँब्युलन्स वाटेत रस्ता चुकली!

जीवघेण्या खेळांवर वाद निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, ज्याचा जीव त्याची मर्जी. दुसरं, बंद करा हा वेडेपणा. मला दोन्ही अपुरी वाटतात, आणि त्याचं कारण हा पाना आहे. पावसात, त्या वेगात गाडी चालवणं ही स्टुअर्टची मर्जी होती. पाना नसणं ही कोणाचीच मर्जी नव्हती. तो निव्वळ निष्काळजीपणा होता, आणि गंमत म्हणजे तोही ‘खेळाचा धोका’ या नावाखाली खपून जात होता.

प्रेक्षकांच्या बाबतीत तर मर्जीचा मुद्दा उरतच नाही. 11 जून 1955 ला फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत पिएर लव्हेची मर्सिडीज समोरच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे जळते तुकडे गर्दीत घुसले. ऐंशीहून जास्त प्रेक्षक गेले. शर्यत थांबली नाही. लोक एकदम बाहेर पडले तर अँब्युलन्सची वाट अडेल, असं आयोजकांचं म्हणणं होतं. मर्सिडीजने मध्यरात्रीनंतर आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. स्वित्झर्लंडने पुढे अशा शर्यतींवर बंदीच घातली, ती कित्येक दशकं टिकली.

स्टुअर्टने मात्र खेळ सोडला नाही. पाच आठवड्यांत तो ब्रँड्स हॅचला पुन्हा गाडीत बसला होता. फरक एवढाच की त्यानंतर तो गाडीत टेप लावून एक पाना ठेवू लागला. आणि त्याने मागण्या सुरू केल्या: सीटबेल्ट हवेत, कडेला लोखंडी कठडे हवेत, अग्निशमनाची धड व्यवस्था हवी, डॉक्टर हवेत. ट्रॅकमालकांना खर्च नको होता. काही पत्रकारांना तो भित्रा वाटला.

या टीकाकारांत डेनिस जेंकिन्सन होता, आणि त्याला आरामखुर्चीतला शूर म्हणून उडवून लावता येत नाही. 1955 च्या मिल्ले मिलिया शर्यतीत तो स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला होता. इटलीच्या रस्त्यांवर जवळपास सोळाशे किलोमीटर, दहा तासांत. मांडीवर वळणांच्या नोंदींचा लांबलचक कागदी रोल आणि हाताच्या खुणांनी मॉसला इशारे. असा माणूस जेव्हा म्हणतो की भीती काढून घेतली तर या खेळात उरेल काय, तेव्हा थांबून ऐकावं लागतं. 2018 मध्ये कॉकपिटवर ‘हेलो’ ही टायटॅनियमची चौकट आली तेव्हाही हाच सूर लागला होता. विरोधकांत रोमँ ग्रोजाँ होता. 2020 मध्ये बहारीनला त्याची गाडी कठड्यात घुसून पेटली. त्याच चौकटीने त्याचं डोकं वाचवलं आणि तो आगीतून चालत बाहेर आला. आपलं मत चुकलं हे त्याने मोकळेपणाने कबूल केलं.

जेंकिन्सनच्या त्या मिल्ले मिलियाचं काय झालं? दोनच वर्षांनी तिथे एक फेरारी गर्दीत घुसली. ड्रायव्हर, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक गेले. त्यात मुलं होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही.

1968 च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेला. स्टुअर्टचा मित्र, त्याच्याच स्कॉटलंडचा, त्या काळातला सर्वोत्तम ड्रायव्हर. गाडी सरळ झाडांत गेली. मध्ये कठडा नव्हता. पुढच्या वर्षी ड्रायव्हरांनी स्पाला जायला नकार दिला आणि बेल्जियमची शर्यत झालीच नाही. माझ्या लेखी या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा विजय, आणि त्यात कोणी गाडी चालवली नव्हती.

पण इतिहास असा सरळ सुधारत जात नाही. 29 जुलै 1973, नेदरलँड्समधलं झांडवोर्ट. रॉजर विल्यमसनची ही दुसरीच ग्रांप्री. गाडी उलटली, पेटली, तो आत अडकला. डेव्हिड पर्ली आपली गाडी थांबवून धावत गेला. पेटती गाडी एकट्याने उलटवायला बघत होता. जवळच्या कर्मचाऱ्यांकडे आगीत टिकणारे कपडे नव्हते, ते जवळ जाऊ शकत नव्हते. बाकीचे ड्रायव्हर बाजूने जात राहिले. पर्लीला पाहून त्यांना वाटलं, जळणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सुटला. शर्यत चालू राहिली. अग्निशमन गाडी पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

ती शर्यत जिंकली जॅकी स्टुअर्टने. त्याचा तो सव्विसावा विजय. क्लार्कचा पंचवीस विजयांचा विक्रम त्याच दिवशी मोडला. सुरक्षेसाठी सात वर्षं भांडलेला माणूस त्या धुरातून फेऱ्या मारत पहिला आला. त्याला दोष देणं सोपं आहे, मला ते जमत नाही. वेगात असलेल्या माणसाला शर्यत थांबवता येत नाही. ते काम लाल झेंडा ज्यांच्या हातात असतो त्यांचं.

पर्लीला या धाडसासाठी ब्रिटनचं जॉर्ज पदक मिळालं. बारा वर्षांनी तो कसरतीच्या विमानाच्या अपघातात गेला. धोक्याशिवाय त्याला करमत नसावं.

त्या मोसमानंतर निवृत्त व्हायचं स्टुअर्टने आधीच ठरवलं होतं. तिसरं विश्वविजेतेपदही हातात आलं होतं. शेवटची शर्यत ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला, त्याची शंभरावी. शनिवारी सरावात त्याचा तरुण सहकारी फ्रान्स्वा सेव्हर मेला, ज्या लोखंडी कठड्यांसाठी स्टुअर्ट भांडला होता तसल्याच कठड्यावर आदळून. सराव पुन्हा सुरू झाल्यावर स्टुअर्ट गाडी घेऊन त्याच वळणांवर गेला. सेव्हरची गाडी कशाने घसरली असेल ते त्याला बघायचं होतं. गाडी तिथे अस्थिर होते हे त्याला जाणवलं, आणि हेही आठवलं की तो स्वतः तिथून वरच्या गिअरमध्ये जायचा, सेव्हर खालच्या. मग संघाने माघार घेतली. स्टुअर्टच्या नावावर आजही नव्व्याण्णव शर्यती आहेत.